बाबांची फाइल उघडत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

परत बंद पडलं! फाइलवर दोनदा टिचकी मारली, पांढरी खिडकी आली, वर नाव दिसलं, आणि गुडुप. मागे एक ओळ सोडून गेलं — ‘प्रोग्रॅम अनपेक्षितपणे बंद झाला.’ अनपेक्षित कसलं? आज सहाव्यांदा!

सात वाजता बाबा नेहमीसारखे खुर्चीत येऊन बसले होते. हात मांडीवर, मान जरा उजवीकडे, कारण तो कान बरा आहे. मी म्हटलं, आज वाचता येणार नाही, मशीन बिघडलंय. तर म्हणाले, "कुठलं? मोठं की ट्रेडल?"

ट्रेडल म्हणजे त्यांच्या छापखान्यातलं पायानं चालवायचं यंत्र. तो छापखाना बंद होऊन सोळा वर्षं झाली.

जेवताना दोनदा विचारलं, "आज वाचत नाहीस?" झोपायला जाताना परत एकदा. उद्या बघू म्हटलं. पाठ मोडून आली आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लोकांच्या तक्रारींना उत्तरं. पाणी येत नाही. पाणी गढूळ येतं. पाणी येतं पण दुसऱ्या मजल्यावर चढत नाही. मी सगळ्यांना एकच लिहिते — आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे. सतरा वर्षं लिहिते आहे.

घरी येऊन प्रोग्रॅमवाल्यांच्या मदत क्रमांकावर फोन लावला. चाळीस मिनिटं तीच एक धून. मग एक मुलगी बोलली. शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे." माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर! हसू यायला हवं होतं. तेवढंही त्राण नव्हतं.

नुसती बाबांचीच नाही, एकही फाइल उघडत नाही. ऑफिसचा अहवाल घरी आणला होता, तोही नाही. किराण्याची यादीसुद्धा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दादाचा फोन. "रिस्टार्ट केलंस का?"

"बारा वेळा केलं."

"मग तेराव्यांदा कर."

हा माझा थोरला भाऊ. विमानानं सहा तासांवर राहतो आणि तिथून सल्ले देतो. मग म्हणाला, "अगं, फाइल मला पाठव ना. मी इकडे उघडतो, दोन मिनिटांचं काम. नाहीतरी बाबांनी काय काय सांगितलंय ते मला वाचायचंच आहे. वर्ष झालं, मागतोय तुझ्याकडे."

मी म्हटलं, फार मोठी आहे, मेलवरून जात नाही.

चक्क थाप मारली. शहाण्णव पानांचा नुसता मजकूर, तो कसला जात नाही!

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोग्रॅम काढून टाकला, नव्यानं घातला. दीड तास गेला. परत तेच. पांढरी खिडकी, वर नाव, गुडुप.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फाइलशिवाय वाचून बघितलं, म्हणजे हातात कोरे कागद धरले आणि आठवेल तसं सांगत गेले. आई छापखान्यात बाइंडिंगला कशी लागली, कागदाच्या घड्या घालण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे, बाबा छपाईचे खिळे जुळवायला उभे राहत तिथून ती कशी सरळ रेषेत दिसायची. पहिल्या आठवड्यात सांगितलेलं होतं हे सगळं, त्यांच्याच तोंडून ऐकून मी टाइप केलेलं.

पाच मिनिटांत बाबा अस्वस्थ. "हे असं नव्हतं."

"असंच होतं बाबा."

"वाक्यं वेगळी होती. आधीचं वाच."

बरोबर बोलत होते. वाक्यं वेगळीच होती. माणूस आज काय वार आहे ते सांगू शकत नाही, संध्याकाळी मला कधी कधी ‘वहिनी’ म्हणतो, पण वाक्य बदललेलं कळतं. पन्नास वर्षं जुळारी होते ना. अक्षरामागून अक्षर, शिशाचा एकेक खिळा बोटांनी उचलून दुसऱ्यांचे मजकूर लावले. शेवटची दहा वर्षं कॉम्प्युटरवर, पण काम तेच.

आईचं नाव आज त्यांना आठवलं नाही. फाइल चालू होती तोवर रोज सात वाजता ते नाव त्यांच्या कानावर पडायचं. पाच दिवस पडलं नाही, तर गेलं. मला भीती वाटते. ही फाइल गेली तर आई दुसऱ्यांदा जाईल, आणि तिच्याबरोबर हेही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दंतवैद्याच्या जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान आहे. तिथं गेले. दुकान कसलं, कपाटच. बाई माझ्याच वयाच्या, गळ्यात भिंग लटकवलेलं, मशीनशी बोलतात — "अगं उघड की बये, कोण खातंय तुला!" सोमवारी घरी येते म्हणाल्या.

मग पहिलाच प्रश्न, "दुसरी प्रत कुठं आहे?"

दुसरी प्रत नाही.

"छापून ठेवलेली?"

तीही नाही.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "अहो, ऑफिसात काम करता ना तुम्ही?"

काय सांगणार! कुणालाच सांगितलेलं नाही, इथं लिहिते. चौदा महिन्यांपूर्वी सुरुवात केली तेव्हा बाबा भराभर सांगायचे, माझी बोटं पुरत नसत. गेल्या मार्चपासून आटत गेलं. तीच गोष्ट तीनदा, मग अर्धी, मग नुसतं "पुढं काय ते तुला माहीतच आहे." मला काहीच माहीत नव्हतं. पण सात वाजता ते खुर्चीत येऊन बसायचे, मान उजवीकडे. नवीन काही नाही असं मला सांगवेना. मी रचलं. आई छापखान्याच्या अंगणात सायकल शिकते आणि कागदाच्या कात्रणांच्या ढिगात जाऊन पडते, हे मी रचलं. आई सायकलला कधी हात लावणारी नव्हती! आई मालकाला सगळ्यांदेखत सुनावते, तेही मीच. असे अकरा प्रसंग आहेत, मोजलेत मी. वाचून दाखवलं की बाबा हसायचे आणि म्हणायचे, "हो हो. असंच झालं." मग पुढचं रचायला मला धीर यायचा.

छापून हातात दिलं असतं तर त्यांनी प्रुफासारखं तपासलं असतं. दादाला पाठवलं असतं तर तो पहिल्याच सायकलला म्हणाला असता, हे काय? म्हणून प्रत नाही. माझ्याच लबाडीनं माझा गळा धरलाय.

९ फेब्रुवारी, रविवार

धुणं. बाबांची नखं कापली. सात वाजता दोघंही आपापल्या खुर्चीत बसलो आणि भिंतीकडे बघत राहिलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाई आल्या. चहा नको म्हणाल्या आणि दोन कप प्यायल्या. एक तास नुसतं बघितलं — उघडायचं, पडू द्यायचं, परत उघडायचं. मग म्हणाल्या, "तुमच्या प्रोग्रॅमला काही झालेलं नाही. तो बिचारा भला आहे. शेवटची फाइल अर्धवट बंद पडली ना, म्हणून उठल्या उठल्या आधी तिला सावरायला जातो. तिच्या ओझ्यानं कोसळतो. मग तुम्ही किराण्याची यादी उघडा नाहीतर आणखी काही, तो आधी तिच्याकडेच धावणार."

बाबांची फाइल त्यांनी पेन ड्राइव्हवर काढून घेतली, इथून पुसली. लगेच यादी उघडली! अहवाल उघडला! सगळं सुरळीत. म्हणजे ती एकच फाइल आजारी आहे आणि आठवडाभर सगळ्या घराला तिनं वेठीला धरलं.

"किती पानं आहेत?"

"शहाण्णव."

"फोटो?"

"एकही नाही."

"मग एवढी लठ्ठ कशी?" बाईंनी आकडा दाखवला. मला आकड्यातलं कळत नाही, पण तसली शंभर पुस्तकं त्यात मावतील म्हणाल्या. मेलवरून खरंच गेली नसती! दादाला मारलेली थाप खरी निघाली.

"यात कुणीतरी रोज काहीतरी केलंय," बाई म्हणाल्या. पेन ड्राइव्ह दुकानात घेऊन गेल्या. तिथलं मशीन मोठं आहे. वचन दिलं नाही.

कुणीतरी म्हणजे कोण? घरात आहोतच कोण!

११ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींना विचारलं. मी ऑफिसात असते तेव्हा नऊ ते साडेपाच त्याच बाबांना सांभाळतात. कॉम्प्युटरला कुणी हात लावतं का, विचारलं. मावशी सहज म्हणाल्या, "आजोबा बसतात की दुपारी. जेवण झालं की दोन तास खुटखुट चालते. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल ताई."

अंगाचा तिळपापड झाला. बाबांसमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, माझ्या फाइलमध्ये तुम्ही काय केलंत?"

"कसली फाइल?"

"माझी फाइल! पुस्तक!"

माझी. तोंडून निघून गेलं.

बाबा ताठ बसले. "मी मजकुराला हात लावत नाही. पन्नास वर्षांत कधी लावला नाही."

"मग कुणी लावला? आईनं येऊन लावला?"

बाबांनी दाराकडे बघितलं. "आली का ती?"

मी काय बोलून गेले! तरीही थांबले नाही. कॉम्प्युटरची वायर काढली, कपाटात टाकली, कुलूप लावलं. लहान मुलाचं खेळणं काढून घ्यावं तसं. ते बघत होते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताट त्यांच्यासमोर ठेवलं आणि मी ओट्याशी उभ्यानं जेवले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मावशी आज जाता जाता दारात थांबल्या. म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. आजोबा दुपारी खुर्ची ओढून बसले. पडदा काळाच. तरी तासभर बोटं चालवत होते तशीच."

मी पिशवी खुंटीला अडकवली.

"दुपारी ते बरे असतात हो. मला नावानं हाक मारतात, माझ्या नातीची चौकशी करतात. ऊन उतरलं की बिघडतं सगळं. तुम्ही आपल्या संध्याकाळीच बघता त्यांना."

खरंच आहे. नऊला मी निघते तेव्हा ते झोपेत असतात, साडेपाचला परत येते. सुट्टीच्या दुपारी मी झोपते — आठवड्याची झोप! माझ्या वाट्याला रोज ऊन उतरल्यानंतरचेच बाबा येतात. दुपारचे बाबा मावशींना मिळतात. हे मला पगार घेणाऱ्या बाईनं सांगितल्यावर कळलं.

वायर परत लावली. पण आता तिथं फाइलच नाही.

संध्याकाळी बाईंना फोन केला. "अजून नाही उघडत. पण श्वास चालू आहे," म्हणाल्या. डॉक्टर झाल्यासारख्या बोलतात. मला त्याचाच आधार वाटला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ आले होते. चौथ्यांदा तक्रार, नळाला थेंब नाही. त्यांना छापील उत्तर दिलं नाही. उठून स्वतः विभागात गेले, माणूस पाठवायला लावला. साहेब म्हणाले, आज काय झालंय तुम्हाला? काही नाही म्हटलं. दमलेय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उघडली!

बाईंचा फोन आला तेव्हा बाबांना जेवायला वाढत होते. मावशींना शनिवारी सुट्टी, म्हणून शेजारच्या काकूंना बसवलं आणि धावत गेले. दुकानातल्या मशीनवर सकाळपासून उघडत होती, सव्वातीन तासांनी उघडली. जिन्याखाली आम्ही दोघी एका स्टुलावर अर्ध्या अर्ध्या टेकलो.

"फेरफार टिपून ठेवायची सोय चालू ठेवली होतीत," बाई म्हणाल्या. लक्षात आलं. ऑफिसच्या कोऱ्या नमुन्यातून मी फाइल सुरू केली होती. तिथं कोणी काय बदललं ते टिपलं जाण्याचा नियमच आहे. घरी ते बंद करायचं मला सुचलंच नाही. त्या नमुन्यात खुणा आणि समास पडद्यावर लपलेले असतात, म्हणून कधी दिसलंही नाही.

"एकतीस हजार फेरफार आहेत," बाई म्हणाल्या. "आणि काय आहेत माहीत आहे? मोकळ्या जागा! नुसत्या मोकळ्या जागा!"

मला आधी कळेना. मग पडद्यावर बघितलं आणि कळलं. प्रत्येक ओळीत दोन शब्दांच्या मध्ये कुठं एक जागा वाढवलेली, कुठं एक काढलेली, ओळीचं उजवं टोक वरच्या ओळीच्या बरोबर खाली यावं म्हणून. खिळ्यांच्या जुळणीत असंच करतात. शब्दांमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालून ओळ घट्ट बसवतात, नाहीतर उचलताना सगळी सांडते. बाबा तेच करत होते, कळफलकावर, एकेका ओळीला. मी संध्याकाळी कुठंतरी मध्येच दोन वाक्यं घालायची, की पुढच्या सगळ्या ओळी सरकायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा तिथून परत सुरू. चौदा महिने! आणि फाइल बिचारी त्यांची एकेक जागा लक्षात ठेवत गेली, फुगत गेली.

"कड सरळ करायला एक बटण असतं हो," बाई म्हणाल्या. "एकदा दाबायचं!"

"त्यांना ते बटण पटत नाही," मी म्हटलं. "मशीन ओळी ढिल्या लावतं म्हणायचे." आणि मला रडू फुटलं. बाईंनी भिंग पुसायचं फडकं दिलं, तेच नाकाला लावलं.

अक्षर एकही बदललेलं नाही. काना नाही, मात्रा नाही. मी शोधून शोधून बघितलं. मजकुराला हात लावत नाही म्हणाले होते, ते खरं होतं.

बाईंनी सगळे फेरफार एका दमात कायम केले, फाइल हलकी केली, दोन प्रती काढून दिल्या. निघताना म्हणाल्या, "समासात काही टिपा पण आहेत. अकरा. वाचल्या नाहीत मी. घरगुती दिसतंय."

अकरा! मी मोजलेलेही अकराच.

घरी येऊन बाबांच्या पायाशी बसले. म्हटलं, माझं चुकलं. ऊन उतरलं होतं. "काही हरकत नाही वहिनी," म्हणाले. सात वाजता वाचलं, पहिल्या आठवड्यातलं. आईचं नाव आलं तसं त्यांनी ते माझ्यामागून म्हटलं.

समास उघडायचा धीर झाला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

उघडला. अकराच्या अकरा जागा. मी रचलेला एकही प्रसंग सुटलेला नाही. त्यांनी सांगितलेल्या एकाही ओळीवर खूण नाही.

सायकलच्या पानावरची टीप पहिली. गेल्या वर्षीच्या मार्चमधली, दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांची. खालच्या दहाही जागी फक्त लिहिलंय — ‘वरीलप्रमाणे.’ पहिली टीप अशी —

‘हा मजकूर माझा नाही. असं घडलेलं नाही. तरी काढू नये. वाचताना पोर हसते.’